अण्णासाहेबांची शीर

माझी आई मला नावानं हाक मारत नसे. 'शिस्टर' म्हणे. घोटावड्यातली कुणी बाई अंगात कणकण आहे म्हणून आमच्या दारात आली, की आई ऐटीत सांगायची, "बसा जरा, शिस्टर जेवतीया." आत शिस्टर खाली मान घालून भात चिवडत असायची. मग बाहेर येऊन तापाची एक गोळी हातावर ठेवायची आणि पौडच्या सरकारी दवाखान्यात जायला सांगायची. जाताना बायका म्हणायच्या, "चंद्रकलाबाई, पोरीनं नाव काढलं." आई हसायची. मला त्या वेळी अण्णासाहेबांचा गळा आवळावासा वाटायचा.

अण्णासाहेब म्हणजे आमच्या भागातले शिक्षणमहर्षी. ही पदवी त्यांना कुणी दिली ठाऊक नाही, पण बोर्डावर तसं छापलेलं असायचं. त्यांची माण गावातली जमीन आयटी कंपन्यांना गेली, हातात पैसा खुळखुळू लागला आणि एकाएकी त्यांना खेड्यातल्या मुलींच्या शिक्षणाचा पुळका आला. कासारसाईच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी तीन मजली इमारत उभी राहिली. खाली हॉस्पिटल, वर नर्सिंग कॉलेज, आणि दोन्हींना नाव बायकोचं, आशालताबाईंचं. बाई चांगल्या धडधाकट होत्या. साधी सर्दी झाली तरी त्या गाडी काढून पुण्याला जायच्या. अण्णासाहेबांना शुगर होती, तीही पुण्यालाच दाखवली जायची. दर महिन्याला पुण्याच्या लॅबचा माणूस मोटरसायकलवरून त्यांच्या बंगल्यावर रक्त घ्यायला यायचा आणि आमच्या कॉलेजच्या फाटकासमोरून धुरळा उडवत जायचा. आम्ही वरच्या खिडकीतून बघायचो.

माझे वडील साहेबराव पिरंगुटला कारखान्यात होते. २००३ साली कंपनीनं माणसं कमी केली आणि घरी बसवताना एक रक्कम हातात दिली. ती सगळीच्या सगळी त्यांनी अण्णासाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. फी वेगळी, डेव्हलपमेंट फंड वेगळा, पावती फक्त फीची. "पोरगी पांढऱ्या कपड्यात दिसली पायजे," एवढंच बाबा म्हणाले, आणि येताना विहारात पेढे वाटून आले.

दिसले की! तीन वर्षं पांढऱ्या कपड्यात दिसले. हॉस्पिटलात शंभर खाटा होत्या आणि पेशंट म्हणाल तर वॉचमनचा खोकला. डॉक्टरांची नावं दारावर होती, डॉक्टर नव्हते. इंजेक्शन आम्ही मोसंबीला टोचायला शिकलो. सलाईन कसं लावायचं ते फळ्यावर खडूनं काढून दाखवलं. शीर शोधायच्या सरावासाठी रबराचा एक हात आणलेला होता, पण तो प्राचार्य उषा मॅडमच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीसकट. "खराब केलात तर भरून कोण देणार?" असं त्या विचारायच्या. मी त्या हाताला तीन वर्षांत एकदाही बोट लावलं नाही.

तो हात वर्षातून एकदा बाहेर निघायचा, तपासणीच्या दिवशी. त्या दिवशी आमचं कॉलेज खरं कॉलेज व्हायचं. टेम्पो भरभरून गावातली माणसं यायची आणि पेशंट बनून खाटांवर झोपायची. जेवण, दिवसाची हजेरी आणि वर एक आजार मिळायचा. आजारावरून बायकांची भांडणं व्हायची. "मला मागल्या खेपंला बी मुतखडाच दिल्ता, औंदा साधा ताप द्या," असं आमची शेजारीण तुळजाबाई हक्कानं सांगायची. सलाईनच्या बाटल्या टांगायच्या, नळी मनगटापर्यंत आणायची आणि वर चिकटपट्टी मारायची. सुई मात्र टोचायची नाही, हा पहिल्यापासूनचा करार होता. सुईला बायका तयार नव्हत्या. पुण्याहून भाड्यानं आणलेली एक मुरलेली सिस्टर विद्यार्थिनी म्हणून उभी राहायची आणि तपासणीसांनी सांगितलं की रबराच्या हातात भरलेलं नकली रक्त झक्क काढून दाखवायची. आम्ही खऱ्या विद्यार्थिनी मागे ट्रे धरून उभ्या असायचो आणि मनातल्या मनात शिकायचो.

२००६ मध्ये पास झाले. पुण्यातल्या पहिल्याच मुलाखतीत विचारलं, रजिस्ट्रेशन नंबर काय? मी म्हटलं, येणार आहे. दुसऱ्या ठिकाणीही तेच. उषा मॅडम म्हणाल्या, प्रोसेसमध्ये आहे. वर्ष गेलं तरी ते प्रोसेसमध्येच. शेवटी माझी वर्गमैत्रीण मेधा स्वतः मुंबईला जाऊन नर्सिंग कौन्सिलच्या ऑफिसात विचारून आली. त्यांनी सरळ सांगितलं: ह्या कॉलेजला मान्यता मिळाली ती तुमच्या नंतरच्या तुकड्यांपासून. तुम्हाला घेतलं तेव्हा मान्यताच नव्हती, आणि मागची तारीख टाकून ती कुणालाच देता येत नाही. मेधा फोनवर रडत होती. मला रडू आलं नाही. मला इतका राग आला की हातातला फोन मी भिंतीवर आपटला, आणि मग तो बाबांचा फोन होता हे आठवलं.

घरी मी अर्धंच सांगितलं, नंबरचं. दुसरं अर्धं, म्हणजे मला काही येत नाही, हे सांगायला तोंड नव्हतं. आईला वाटलं, सरकारी काम आहे, उशीर व्हायचाच. नंबर नसला तरी तिची मुलगी नर्स होती. हे मला कुठल्याही नंबरपेक्षा जास्त टोचायचं.

आणि डिसेंबर २००७ मध्ये अण्णासाहेबांनी मला बोलावणं धाडलं.

"ये पोरी, बस," ते म्हणाले. समोर काजू होते. त्यांनी खाल्ले, मला विचारलं नाही. "तुझ्या नंबरचं माझ्या डोक्यात आहे बरं का. ह्या वेळची तपासणी मोठी आहे, आपल्याला जागा दुप्पट करून घ्यायच्या आहेत. ती पार पडली की तुमच्या बॅचचं काम मी दिल्लीपर्यंत जाऊन करतो. तू फक्त गावातली माणसं आण. तुझ्या आईचं बायका ऐकतात. आणि तूही युनिफॉर्म घालून स्टाफमध्ये उभी राहा. आपल्या कॉलेजची पोरगी म्हणून शोभा येईल."

धडधडीत खोटं. माझ्या डोळ्यात बघून, काजू चघळत. त्या क्षणी मला फी नको होती, नंबर नको होता, माफी तर नकोच होती. त्या माणसाचं वाटोळं व्हायला हवं होतं आणि ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. जागा दुप्पट म्हणजे आणखी तितक्या मुली, आणखी तितके बाप पेढे वाटणार. मी नम्रपणे म्हटलं, "आणते अण्णासाहेब." टेबलावर त्यांचा गुबगुबीत, सोन्याचं कडं घातलेला हात पडला होता. मी त्या हाताकडे बघत होते. मला काय करायचं ते तिथंच ठरलं.

आई हरखली. "बघ, माणूस वाईट न्हाई. त्यो म्हणतोय तर करून टाक. तुज्यासाठी मी आख्खी आळी गोळा करते." आणि केलीच तिनं. बाबांनासुद्धा पुरुषांच्या वॉर्डात मोडलेला पाय म्हणून झोपवलं. स्वतःसाठी तिनं पित्ताशयाचं ऑपरेशन मागून घेतलं, कारण ऑपरेशनवाल्या खाटेला गादी नवी होती. मी म्हटलं, "आई, तू नको येऊ." ती म्हणाली, "का? माझी शिस्टर काम करतीया ते मला कवा बघाय मिळणार?"

तपासणीचा दिवस उजाडला तो थाटातच. दारात रांगोळी, जिन्यात फिनेलचा वास, खाटांवर घोटावडं गावच्या गाव. तपासणीस दोघं होते. एक वयस्कर गृहस्थ, त्यांची सकाळीच बंगल्यावर बडदास्त झालेली, त्यामुळे ते प्रत्येक गोष्टीला "उत्तम, उत्तम" म्हणत होते. दुसऱ्या एक बाई, नागपूरकडच्या, पायात साध्या चपला, आणि त्या कशालाच काही म्हणत नव्हत्या. अण्णासाहेब पांढऱ्या सफारीत पुढे, उषा मॅडम मागे, त्यांच्या मागे पुण्याची भाडोत्री सिस्टर रबराचा हात घेऊन, आणि शेवटी मी ट्रे घेऊन.

बायकांच्या वॉर्डात बाई थांबल्या. "एखादी विद्यार्थिनी रक्त काढून दाखवेल का?"

भाडोत्री सिस्टर पुढे झाली. बाई रबराच्या हाताकडे बघून म्हणाल्या, "हा कशाला? एवढे पेशंट आहेत की." आणि त्यांनी जवळच्या खाटेकडे बोट केलं. खाटेवर तुळजाबाई होती, टायफॉइडची. सुई दिसताच ती ताडकन उठून बसली.

"ओ बाई, सुईचं ठरलं न्हवतं आमचं!"

कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी विचारलं, "ठरलं नव्हतं म्हणजे?"

"तापात बडबडते ती," उषा मॅडम घाईघाईनं म्हणाल्या. त्यांच्या ओठावर घाम आला होता.

हीच वेळ. ट्रे घेऊन मी पुढे आले. "मॅडम, पेशंट घाबरलीय, तिला राहू दे. मी दाखवते. मी ह्याच कॉलेजची, तीन वर्षं इथंच शिकले." मग मी अण्णासाहेबांकडे वळले आणि जितकं गोड बोलता येईल तितकं गोड बोलले. "अण्णासाहेबांना शुगर आहे. रक्त तर काढायचंच असतं दर महिन्याला. आज आपल्याच हॉस्पिटलात, आपल्याच मुलीकडून काढून घेतील ते."

अण्णासाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण मागचा रंग उडाला. "अगं, परवाच काढलंय," ते म्हणाले.

"काय हरकत आहे?" वयस्कर गृहस्थ खुशीत येऊन म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, यजमानांचं कौतुक चाललंय. "तुमचीच विद्यार्थिनी! उत्तम!" नागपूरच्या बाईंनी फक्त एक खुर्ची पुढे सरकवली.

अण्णासाहेब बसले. काय करतील? नाही म्हणाले असते तर सगळं तिथंच संपलं असतं. त्यांनी सफारीची बाही वर केली आणि कडं काढून खिशात टाकलं. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. माझ्या मनात काय आहे ते त्यांना त्या वेळी कळलं.

मी पट्टा बांधला. बांधतानाच तो सुटला, पुन्हा बांधला. स्पिरिटचा बोळा फिरवला. इथपर्यंत मी दुसऱ्यांचं बघितलं होतं. मग त्या गोऱ्या, चरबीनं भरलेल्या हातावर मी शीर शोधू लागले, आणि मला काहीच दिसेना. फळ्यावर खडूनं काढलेली शीर निळी होती. मी टोचलं. अण्णासाहेबांनी श्वास आत ओढला. सिरिंजमध्ये काही आलं नाही.

"होतं असं," वयस्कर गृहस्थ म्हणाले.

दुसऱ्यांदा टोचलं. सुई आत फिरवली, जशी ती भाडोत्री सिस्टर रबराच्या हातात फिरवायची. अण्णासाहेबांच्या तोंडून "आई गं" निघालं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. हे बाबांच्या कंपनीच्या पैशाचं, म्हटलं. हे मेधाच्या रडण्याचं.

तिसऱ्यांदा टोचलं तेव्हा टोचलेल्या जागी लिंबाएवढं टेंगूळ वर आलं. आणि त्याच वेळी माझी नजर समोर गेली. समोरच्या खाटेवर आई उठून बसली होती. हिरवा गाऊन, मनगटावर चिकटपट्टी, वर लोंबणारी नळी. ती अण्णासाहेबांकडे बघतच नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती. तिला कळलं होतं. मी मुद्दाम करत नाहीये, मला येतच नाहीये, हे तिला सगळ्या वॉर्डाच्या आधी कळलं.

चौथ्यांदा सुई उचलली तेव्हा माझा सूड कुठल्या कुठे गेला होता. मला ती शीर सापडायला हवी होती. एकदा, फक्त एकदा रक्त यावं, माझ्या आईसमोर. मी मनापासून टोचलं. सुई तिरकी गेली.

अण्णासाहेब ओरडले आणि हात हिसडून उभे राहिले. ट्रे खाली पडला. लॅबवाल्यापुढे, पुण्यात, पैसेवाल्यांत इतकी वर्षं जपलेली त्यांची ती मुलायम भाषा गळून पडली.

"अगं ए भवाने! कुणी शिकिवलं गं तुला?"

उत्तर आलं ते समोरच्या खाटेवरून.

"तुमीच की वो, अण्णासायेब."

आई खाटेवरून खाली उतरली होती. "तीन वर्सं तुमीच शिकिवलंय. माज्या नवऱ्याची सगळी कमाई घिऊन शिकिवलंय. आता वरडता कशापायी? आमी वरडलो का?" तिनं मनगटावरची चिकटपट्टी ओढून काढली आणि नळी त्यांच्या पायाशी फेकली. नळीच्या टोकाला सुई नव्हती हे सगळ्यांना दिसलं. "चला गं बायांनो. बऱ्या झालो आपण."

तुळजाबाई पहिली उठली. मग मुतखडे उठले, ताप उठले, ऑपरेशनं उठली. गाऊन घातलेल्या बायकांची रांग दारातून बाहेर पडली. पुरुषांच्या वॉर्डातही कुणीतरी निरोप दिला असावा, कारण मोडलेल्या पायाचे माझे बाबा जिन्यात दोन दोन पायऱ्या उतरत होते. नागपूरच्या बाई त्या रिकाम्या खाटांमध्ये उभ्या राहून लिहीत होत्या. वयस्कर गृहस्थ आता उत्तम म्हणत नव्हते.

टेम्पो अर्थातच मिळाला नाही. घोटावड्यापर्यंत आम्ही चालत गेलो. बायका हसत होत्या, अण्णासाहेबांची नक्कल करत होत्या. आई एकटी पुढे चालत होती. माझ्याशी ती एक शब्द बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढचे कित्येक दिवस नाही. मला शिस्टर म्हणायचं तिनं सोडलं. मोनिका म्हणू लागली. मी जिंकले होते आणि आमच्या घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं.

जागा दुप्पट झाल्या नाहीत. होत्या त्याही गेल्या. दीड वर्षानं दारावर कुलूप लागलं. अण्णासाहेब चांगले महिनाभर भर उन्हात लांब बाहीचे शर्ट घालून फिरले, अशी बातमी तुळजाबाईनं आणली आणि मी ती दोनदा सांगायला लावली. माणसाचं वाटोळं मात्र झालं नाही. तसं होत नसतं. त्याच इमारतीत आता हॉटेल मॅनेजमेंट निघणार आहे म्हणे.

एक गोष्ट मला चैन पडू देत नाही. तिसऱ्या वर्षाची किमया नावाची मुलगी एकदा आमच्या दारात आली होती. तिच्या तुकडीला मान्यता होती. कॉलेज बंद झाल्यावर त्यांना लांबच्या एका कॉलेजात धाडलं, आणि हिला काही येत नाही म्हणून तिथं पुन्हा पहिल्या वर्षाला बसवलं. "तुमचा राग निघाला ताई, माझी वर्षं गेली," ती म्हणाली. मी म्हटलं, वर्षं अण्णासाहेबांनी खाल्ली. ती म्हणाली, "खाल्ली त्यांनी. पण कागद तरी मिळाला असता." ती चहा न घेता गेली. तिचंही खरं होतं, आणि तरी पुन्हा तो दिवस आला तर मी तेच करीन.

तपासणीच्या पुढच्या वर्षी मी सरकारी एएनएमच्या नर्सिंग कोर्सला नाव घातलं. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान मुलींबरोबर पहिल्या बाकावर बसले. पहिल्या आठवड्यात तिथल्या सिस्टरनं मला वॉर्डात नेलं, स्वतःची बाही वर केली आणि म्हणाली, "टोच. घाबरू नको, मला सवय आहे." मी त्या बाईच्या हातावर शिकले.

दिवाळीला घरी आले तेव्हा आई अंगणात तांदूळ निवडत होती. मी जवळ जाऊन बसले. तिनं सूप बाजूला ठेवलं, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि हात माझ्यापुढे धरला. मी आतून पिशवी आणली, नवी सुई फोडली, पट्टा बांधला. बोटानं चाचपून बघितलं. शीर बोटाखाली लागली, मऊ आणि जिवंत. पहिल्याच झटक्यात सिरिंजमध्ये लाल रक्त चढलं.

आईनं त्या रक्ताकडे नीट बघून घेतलं. मग बोळा दाबून धरत म्हणाली, "हं. आता बोलीव तुज्या अण्णासायेबाला, शिस्टर."